जमुनाबाईची जबानी

त्या वर्षी पावसानं भादव्यातच हात आखडता घेतला. धान निसवायच्या वेळेला शेतातल्या बांध्या कोरड्या पडायला लागल्या, म्हणून दसऱ्याच्या आधीच एकोडीच्या तलावाचं पाणी सोडलं. तलावात मासे धरणाऱ्या ढिवरांचे शिंगाडे होते. पाणी उतरलं की वेली चिखलात बसणार, म्हणून घराघरातलं माणूस तोडणीला लागलं.

जमुनाबाई उजाडताच कमरेइतक्या पाण्यात उतरायची. एका हातानं वेल उलटी करायची, दुसऱ्या हातानं खालचे शिंगाडे खुडायचे आणि मागं ओढत आणलेल्या लहान होडीत, डोंग्यात टाकायचे. चार दिवसांत तिच्या बोटांच्या बेचक्यातली कातडी पांढरी होऊन सोलली होती. शिंगाड्याचे काटे नखाखाली मोडून बसले होते. तिचा नवरा इतवारी पलीकडच्या काठाला जाळं लावायचा. आणि तलावाच्या पाळीवर नऊ वर्षांची गुलाब ओले शिंगाडे निवडत बसायची, हिरवे एकीकडे, जून झालेले एकीकडे. दोन लेकरं गेल्यावर जगलेली ही एकच. ती जन्मापासून बहिरी होती.

त्या दिवशी पाळीवर पुष्पाबाई आली. बहिऱ्या लेकरांच्या वर्गाची बाई. अंगावर इस्त्रीचं पातळ, मनगटावर घड्याळ. तिला पाहताच गुलाब हातातले शिंगाडे टाकून उठली, लुगड्याच्या तुकड्याला हात पुसले आणि बाईच्या समोर जाऊन उभी राहिली. बाईनं तिची हनुवटी वर केली, सावकाश ओठ हलवून काहीतरी म्हटलं. गुलाबनंही ओठ हलवले. पाण्यात उभ्या जमुनाबाईला ते ऐकू आलं नाही. बाई हसली, तिनं पोरीच्या गालावर चापटी मारली, आणि गुलाबचं तोंड असं फुललं की जमुनाबाईनं मान फिरवून पुढची वेल ओढली.

बाईला पाळीवरून ओरडून बोलावं लागलं. आठ दिवसांनी वर्गाची तपासणी होती. कार्यक्रमाला तीन वर्षं झाली होती; त्याचा लेकरांना आणि घरच्यांना काय फायदा झाला ते पाहायला नागपूरहून माणसं येणार होती. त्यावर पुढचं सगळं ठरणार होतं. तोवर गुलाबला एक दिवसही घरी ठेवू नका, असं बाईचं म्हणणं होतं.

"पानी उतरून राह्यलं, बाई," जमुनाबाई म्हणाली. "आठ दिस तिले सोडता येत नाई."

"जमुनाबाई, वर्गात तीच सगळ्यांत पुढे आहे. ती नसली तर मी दाखवू काय?"

दाखवू काय. जमुनाबाईनं हातातली वेल सोडली. तिनं पोरीला हातानं विचारलं, जातेस का? गुलाबनं मान हलवायच्या आधीच बाईचं बोट धरलं होतं.

गुलाब बहिरी आहे हे जमुनाबाईला पोरगी दोन वर्षांची झाल्यावर कळलं. मग दोघींनी मिळून एक बोली केली. ती अवघड गेली नाही, कारण ढिवर पाण्यावर फारसं ओरडत नाहीत, मासा बुजतो. हात वर करून, फिरवून, बोटं दाखवून काम चालतं. त्यातच जमुनाबाईनं भर घातली. जाळं फेकल्याचा हात म्हणजे बाप. नाकातल्या लवंगेवर बोट म्हणजे माय. पाऊस, भूक, साप, काल, उद्या, खोटं बोलू नको, आजी मेली ती कुठं गेली, असं सगळं त्या हातात होतं. रात्रीच्या जेवणानंतर गुलाब दिवसभराची सगळी हकीकत हातांनी सांगायची आणि इतवारी म्हणायचा, आपली पोट्टी गावात सगळ्यांत बोलकी हाये.

मग भंडाऱ्याच्या एका संस्थेचा कार्यक्रम आला. साकोलीला नेऊन लेकरांचे कान तपासले. गुलाबला ऐकण्यासाठी गळ्यात अडकवायची एक पेटी मिळाली. तिच्यातून निघालेली तार कानात जायची. समाजमंदिराच्या खोलीत आजूबाजूच्या सात लेकरांचा वर्ग भरायला लागला. बाई मोहाडीची, पंचवीस-सव्वीस वर्षांची, लग्न न झालेली. शेतकरी भय्याजींच्या पुढच्या खोलीत ती भाड्यानं राहिली. भय्याजींची लहान मुलगी बेबीही त्याच वर्गात होती.

पहिल्याच महिन्यात पुष्पाबाईनं घरोघरी फिरून सांगितलं की लेकरांशी हातानं बोलायचं नाही. हाताची सवय राहिली तर तोंड उघडणार नाही. ओठ हलवून बोला, लेकराला तुमच्या तोंडाकडे पाहू द्या. जमुनाबाईनं ऐकलं. बाई शिकलेली होती, आणि पोरगी बोलायला लागेल म्हणत होती. पण डोंग्यात, चुलीपुढे, आंघोळ घालताना हात आपोआप उठायचे. एकदा बाई अचानक घरी आली तेव्हा ते उठलेले होते. बाई नुसती उभी राहून पाहत राहिली. मग गुलाबचे दोन्ही हात धरून तिच्या मांडीवर ठेवले.

वर्षभरानं गुलाबच मायच्या हातावर चापट मारायला लागली. जमुनाबाईनं हात उचलला की पोरगी तो खाली दाबायची आणि स्वतःच्या ओठांवर बोट ठेवायची. रात्रीची हकीकत बंद झाली. हकीकत सांगण्याइतके शब्द पोरीजवळ नव्हते, आणि हात ती वापरेना. तिला पंधरा-वीस शब्द यायला लागले होते. पाणी, फूल, दार, बस, दे. प्रत्येक शब्द बाईच्या गळ्यावर हात ठेवून शिकलेला होता. हे जमुनाबाईनं एकदा खिडकीतून पाहिलं. बाईनं पोरीचा तळवा आपल्या गळ्यावर ठेवला होता आणि पोरगी डोळे मोठे करून तो थरथरता गळा चाचपत होती. जमुनाबाई घरी आली, तिनं स्वतःच्या गळ्यावर हात ठेवून पाहिला आणि मग चूल पेटवायला बसली.

मनगटावर बोट ठेवायची एक खूण मात्र गुलाबनं सोडली नव्हती. तिचा अर्थ घड्याळवाली, म्हणजे पुष्पाबाई. ती खूण दिवसातून शंभरदा व्हायची. शिंगाडे उकडले की पहिली ओंजळ घड्याळवालीला. इतवारीला चांगला मासा सापडला की घड्याळवालीला. वर्ग सुटल्यावर गुलाब तिच्या खोलीवर जायची, विहिरीवरून तिचं पाणी आणायची, भांडी घासायची, तिच्या लांब केसांची वेणी घालायची. घरी मायनं घागर उचलायला सांगितली तर तोंड फिरवायची. हे सगळं जमुनाबाई पाहत होती. तिला बाईची साडी सलायची, घड्याळ सलायचं. सगळ्यांत जास्त सलायचे ते बाईचे हात. मऊ, कोरडे, नखं कापलेले.

तपासणीच्या आदल्या दिवशी जमुनाबाईनं शिंगाड्याचा काळा रंग निघावा म्हणून चिंचेनं नखं घासली. रंग निघाला नाही.

नागपूरहून दोघं आले. एक पोक्त बाई, पांढरे केस, जाड भिंगांचा चष्मा. तिच्यासोबत लिहून घेणारा एक गृहस्थ. संस्थेचे दोन जण होते. समाजमंदिराच्या खोलीत लेकरं ओळीनं बसली होती, प्रत्येकाच्या गळ्यात पेटी, हात मांडीवर ठेवलेले. भिंतीला टेकून आईबाप बसले. जमुनाबाईनं हात पदराखाली घेतले होते.

पुष्पाबाईनं चित्रं दाखवली, लेकरांनी शब्द म्हटले. बेबीनं दोन म्हटले आणि ती रडायला लागली. मग गुलाब उठली. तिनं एकामागून एक शब्द म्हटले. आवाज जाड, नाकातून येणारा, पण शब्द कळत होते. लिहिणारे गृहस्थ मान वर करून पाहायला लागले. चष्मेवाल्या बाईंनी पाटीवर मोठ्या अक्षरांत आई लिहिलं आणि विचारलं, कुठे आहे?

गुलाबनं वळून भिंतीकडे पाहिलं. जमुनाबाई तिला दिसली. घरात पोरगी आजवर तोंडानं मायला काहीच म्हणाली नव्हती. ती बोट करून, ओठ गोल करून, सगळा श्वास ओढून म्हणाली, "आ-ई."

खोलीत टाळ्या वाजल्या. इतवारीच्या डोळ्यांत पाणी आलं. जमुनाबाईचा ऊर भरून आला आणि ती उठणार, तोच तिनं पाहिलं. शब्द तोंडातून निघता निघता गुलाबची नजर वळली होती. बरोबर झालं का, हे ती पुष्पाबाईच्या चेहऱ्यावर शोधत होती. पुष्पाबाईनं मान हलवली. तेव्हा कुठं पोरगी हसली, आणि ते हसू बाईसाठी होतं.

त्यानंतर आईबापांना एकेकटं बाहेर बोलावलं. समाजमंदिरामागं कडुनिंबाखाली तीन खुर्च्या टाकल्या होत्या. जमुनाबाई जमिनीवर बसली. चष्मेवाल्या बाई म्हणाल्या, खुर्चीवर बसा, आणि ती बसेपर्यंत त्या थांबल्या. मग त्यांनी विचारलं, कार्यक्रमानं घरात काय फरक पडला? जमुनाबाई म्हणाली, शबूद येतेत. आणखी काय? जमुनाबाईनं पदर आणखी घट्ट ओढला.

"बरं, घरी ती तुमच्याशी कशी बोलते?" बाईंनी विचारलं. "पोट दुखलं, कुणी मारलं, स्वप्न पडलं, तर कसं सांगते?"

तीन वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. जमुनाबाईचे हात पदराखाली हलले. सगळं सांगावं असं तिच्या मनात आलं. हातांची बोली कशी होती, ती कशी बंद झाली, आता रात्री घर कसं मुकं असतं. पण समाजमंदिराच्या मागच्या दारातून आतलं दिसत होतं. गुलाब पुष्पाबाईच्या कमरेला मिठी मारून उभी होती आणि बाईनं तिच्या डोक्यावर हनुवटी टेकली होती.

"नाई बोलत," जमुनाबाई म्हणाली. "बाईचं पानी भरते. बाईचे भांडे घासते. येणी घालून देते. आमी शिकाले पाठोलं होतं का कामाले? आन हे जे शबूद बोलली ना, हे आठ दिस घोकून घेतले तिच्याकडून. तुमाले दाखवाले."

लिहिणाऱ्या गृहस्थांचं पेन चालत राहिलं. चष्मेवाल्या बाईंनी दोनदा विचारलं, नक्की? जमुनाबाई म्हणाली, गावात कोनालेबी विचारा, पानी भरताना सगळ्यायनं पायलं. मग गृहस्थांनी तिचा अंगठा घेतला. काळ्या नखावर शाई काही वेगळी दिसली नाही.

ती घरी गेली तेव्हा तिला हलकं वाटत होतं. ते हलकेपण दिवाळीपर्यंत टिकलं.

दिवाळीनंतर संस्थेची जीप आली. लेकरांकडून घरकाम करून घेतल्याबद्दल आणि तपासणीसाठी शब्द पाठ करून घेतल्याबद्दल पुष्पाबाईला कामावरून कमी केलं होतं. दुसरी बाई मिळेपर्यंत वर्ग बंद. त्याच दुपारी पुष्पाबाई पत्र्याची ट्रंक आणि वळकटी घेऊन तुमसरच्या एसटीत बसली. लेकरांना भेटू दिलं नाही. गुलाब संध्याकाळी भरलेली घागर घेऊन तिच्या खोलीवर गेली, तर दाराला कुलूप. ती उंबऱ्यावर बसून राहिली. इतवारीनं तिला उचलून आणलं.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर भय्याजींची आई सत्यभामाबाई भेटली. म्हातारी घागर बाजूला ठेवून जमुनाबाईच्या समोर उभी राहिली. बायका दोर ओढायच्या थांबल्या.

"माह्या नातीची शाळा तुह्या तोंडानं गेली," ती म्हणाली. "त्या बाईले मी माह्या घरात पायलं. लेकरू पानी घिऊन आलं का बाई त्याले जेवू घाले, न्हाऊ घाले, उवा काढे. ते नाई सांगतलं तू?"

जमुनाबाईच्या मागं गुलाब उभी होती. तिला सगळं कळलं नाही, पण म्हातारीचं बोट मायकडे होतं आणि म्हातारीच्या ओठांवर बाई हा शब्द दोनदा आलेला तिनं ओळखला.

घरी येताच तिनं विचारलं. त्या एका खुणेपलीकडे काही सांगायला दोन वर्षांत पहिल्यांदा तिनं आपणहून हात उचलले. मनगटावर बोट. कुठं? का? म्हातारी तुझ्याकडे बोट का करत होती? जमुनाबाई उकडलेले शिंगाडे सोलत होती. खोटं सांगता आलं असतं. बाईचं लग्न ठरलं, बाई आजारी पडली. पण खोटं बोलू नको ही खूण तिनंच पोरीला शिकवली होती, आणि पोरगी ती खूण करत समोर उभी होती. सुरी खाली ठेवून जमुनाबाईनं सांगितलं. मी. माणसं आली होती. मी त्यांना वाईट सांगितलं. म्हणून गेली.

गुलाब बराच वेळ मायच्या हातांकडे पाहत राहिली. मग तिनं डोळे मिटले.

जमुनाबाईनं तिचा खांदा हलवला, हनुवटी धरली, पापण्यांवर बोटं ठेवली. पोरीनं डोळे गच्च मिटून ठेवले. ऐकणाऱ्या लेकराला रागावता येतं, ओरडून सांगता येतं, दाराआडून हाक मारता येते. हिनं डोळे मिटले की बोलायला वाट नव्हती. त्या दिवसापासून माय समोर आली की ती डोळे मिटायची. बापाशी बोलायची, दोन-चार खुणा करायची. मायनं वाढलेलं ताट हातानं चाचपून ओढायची आणि डोळे मिटून जेवायची. गळ्यातली पेटी तिनं खुंटीला टांगून ठेवली.

आठ दिवस असंच चाललं. नवव्या दिवशी जाळं शिवता शिवता इतवारीनं विचारलं, "तू सांगतलं ते खोटं होतं का?"

"खोटं नोतं."

"मंग?"

"खरंबी नोतं," जमुनाबाई म्हणाली.

तो पुन्हा जाळ्याकडे वळला. थोड्या वेळानं म्हणाला, उद्या तलावावर मी एकटा पुरतो, तू बाईकडे जाऊन ये.

जमुनाबाईनं टोपलीभर उकडलेले शिंगाडे घेतले, मोहाडीच्या बाजारात विकायला चालली असं शेजारणीला सांगितलं आणि सकाळच्या एसटीनं निघाली. तुमसरला गाडी बदलावी लागली. एवढ्या लांब ती एकटी कधी गेली नव्हती. कंडक्टरनं टोपली मागं ठेवायला लावली. शिंगाड्याचं पाणी गळून खाली डाग पडला म्हणून एकानं पाय उचलून शिवी दिली. तिनं टोपलीखाली पदर धरला आणि मोहाडीपर्यंत ओल्या पदरानं उभी राहिली.

पुष्पाबाईचं घर विचारत विचारत सापडलं. तहसील कचेरीमागं कौलारू घर, बाहेर धान वाळत घातलेलं, आणि पुष्पाबाई पायानं ते परतत होती. जुनं पातळ, केस वर बांधलेले. तिनं जमुनाबाईला पाहिलं, पण तिचे पाय धानातून फिरतच राहिले.

"काहून आल्या?" तिनं विचारलं. एकोडीत ती पुस्तकातलं बोलायची. इथं ती घरच्यासारखं बोलत होती.

जमुनाबाईनं टोपली खाली ठेवली. एसटीत तिनं पुष्कळ वाक्यं जुळवली होती. तोंडातून एवढंच निघालं, "गुलाब डोळे उघडत नाई."

पुष्पाबाई थांबली. काय झालं ते तिनं विचारलं आणि जमुनाबाईनं सगळं सांगितलं. विहिरीवरचं, सुरी खाली ठेवून सांगितलेलं, चाचपून ओढलेलं ताट. आपण काय जबानी दिली तेही सांगितलं, शब्दाला शब्द, आणि का दिली तेही. "मले तुमचा राग नोता," ती म्हणाली. "ते तुमच्याकडे पाहून हासे. माह्याकडे पाहून हासत नोती. मले ते सहन नाई झालं."

आतून कुणीतरी पाणी आणून दिलं. ते प्यायला जमुनाबाईनं नकार दिला. पुष्पाबाई पायरीवर बसली आणि धानातले खडे निवडत बोलायला लागली. आधी ती कामाबद्दल बोलली. पाणी भरू नको असं तिनं पोरीला कितीदा सांगितलं होतं, पण मनापासून नाही. कुणीतरी आपल्यासाठी घागर आणतं हे तिला आवडायचं. शब्द घोकून घेतले हेही खरं होतं. तपासणीत गुलाब चमकली की आपण चमकलो, असं तिच्या मनात होतं.

मग ती नुसते खडे निवडायला लागली. जमुनाबाईला वाटलं संपलं, आणि ती उठायला लागली.

"बसा," पुष्पाबाई म्हणाली. "तुमाले ठाऊक नाई. सुरवातीले मी रोज संध्याकाळी पाळीवर फिराले येत होती. तुमी दोघी डोंग्यात. ती तुमच्यासंग बोले. हातानं. किती बोले. हासे, भांडे, तुमाले नकला करून दाखवे. अन् दिवसभर माह्याजवळ बसून मले एक शब्द म्हणे. पानी. मी वर उभी राहून पाहो. मले त्यातलं काईच समजत नोतं."

तिनं एक खडा दूर फेकला.

"संस्थेनं सांगतलं होतं, वर्गात हात नको. घरी नको असं कोनी सांगतलं नोतं. ते मी सांगतलं. सगळ्यायच्या घरी गेली, पण सांगाचं होतं ते तुमालेच."

जमुनाबाई तिच्याकडे पाहत राहिली. तिला राग यायला हवा होता. दोन वर्षांची मुकी रात्र त्या बाईनं तिच्या घरात आणली होती, आणि ती पायरीवर बसून ते कबूल करत होती. राग आला नाही असं नाही. पण त्याच्याबरोबर दुसरंही काही आलं, आणि ते असं होतं की या बाईला आपला हेवा वाटत होता. शिकलेल्या, घड्याळवाल्या बाईला. चिखलात उभ्या राहणाऱ्या, नखं काळी झालेल्या आपला. ते ऐकून तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची तिला लाज वाटली.

त्या दिवशी शिंगाडे विकले गेले नाहीत. दोघी दुपारच्या गाडीनं भंडाऱ्याला संस्थेच्या कचेरीत गेल्या. तिथल्या साहेबांनी अहवाल नागपूरला गेला असं सांगितलं. आता नवी जबानी घेऊन उपयोग काय? जमुनाबाई टेबलासमोरून हलली नाही. तिनं सांगितलं की पहिल्या वेळी ती रागानं बोलली होती. पाणी भरायला पोरगी आपल्या मनानं जात होती. तिथं ती जेवायची, न्हायची. आणि तपासणीच्या बाईंनी विचारलं होतं त्याचं उत्तर राहून गेलं, ते आता लिहून घ्या. पोरगी घरी हातानं बोलायची. हात बंद केले ते चुकलं. शब्दही पाहिजेत, हातही पाहिजेत. साहेबांनी पुष्पाबाईकडे पाहिलं. पुष्पाबाई म्हणाली, लिहा, ते माझंच चुकलं.

साहेबांना ते पटलं नाही. बहिऱ्यांच्या शिक्षणात हातांना जागा नाही असं ते बराच वेळ समजावून सांगत राहिले. शेवटी लिहून घेतलं. जमुनाबाईनं अंगठा दिला.

रात्री घरी आल्यावर जमुनाबाईनं गुलाबला काही सांगायचा प्रयत्न केला नाही. सकाळी पोरगी झोपेतून उठत होती. डोळे उघडले आणि ती पुन्हा मिटणार एवढ्यात जमुनाबाईनं मनगटावर बोट ठेवलं. मग, भेटले. बोलले. गुलाबनं डोळे उघडे ठेवले. ती हसली नाही, पण शेवटपर्यंत पाहत राहिली, आणि मग तिनं विचारलं, तिनं जेवायला दिलं का तुला? जमुनाबाईनं खरं सांगितलं. पाणी दिलं, मी प्यायले नाही. प्यायला पाहिजे होतं, असं गुलाबनं रागावून सांगितलं.

नागपूरहून उत्तर संक्रांतीनंतर आलं. पुष्पाबाईला पुन्हा घेतलं होतं, पण एकोडीला नाही. एकोडीचा वर्ग सातच लेकरांचा म्हणून कायमचा बंद झाला. लाखांदूरला मोठा वर्ग काढला होता. तिथं तिला पाठवलं. ज्यांना लेकरं ठेवायची असतील त्यांनी बाईच्या देखरेखीखाली तिथं ठेवावीत, असं पत्रात होतं. लेकरांना राहायला दोन खोल्या घेतल्या होत्या. सत्यभामाबाईनं नातीला पाठवलं नाही. बेबी आता तिच्या मागंमागं गुरांच्या कोठ्यात फिरते, आणि वाटेत म्हातारी दिसली की जमुनाबाई वाट बदलते.

गुलाबबद्दल इतवारीनं ठरवायचं टाळलं. तू सांगशील ते, म्हणाला. जमुनाबाईनं चार दिवस काढले. तलावात आता गुडघाभर पाणी होतं आणि त्यात काही काम नव्हतं; तरी ती रोज जाऊन उभी राहायची. पोरगी इथं राहिली तर तिची राहील. सगळी तिची, हातांसकट. शब्द मात्र सात-आठ महिन्यांत विसरेल. हे तिला स्वच्छ दिसत होतं. चौथ्या दिवशी घरी येऊन तिनं गुलाबचं गाठोडं बांधलं.

पुष्पाबाई न्यायला साकोलीला येणार होती. लाखांदूरची गाडी दुपारची. स्टँडवर गुलाब बाईला दिसताच धावली, आणि जमुनाबाईनं ते धावणं पाहिलं. तिला वाटलं होतं आता सलणार नाही. सललं. पहिल्याइतकंच.

गुलाब आणि बाई गाडीत खिडकीजवळ बसल्या. गाडी सुटायला वेळ होता. गुलाबनं खिडकीतून दोन्ही हात बाहेर काढले आणि भराभर सांगायला सुरुवात केली. काळ्या कोंबडीला खुराड्यात घालायचं विसरू नको. बापाच्या पायाला तेल लाव. माझी चटई कुणाला देऊ नको. शिमग्याला घ्यायला ये, तू ये, बापाला नको पाठवू, तो रस्ता चुकतो. लोक पाहायला लागले. एक बाई तोंडाला पदर लावून हसली. पुष्पाबाईनं पोरीचे हात धरले नाहीत. ती डोकं पुढं करून त्या हातांकडे पाहत होती आणि मधेच तिनं एक खूण चुकतमाकत करून पाहिली. गुलाबनं तिचं बोट धरून ती नीट केली.

जमुनाबाईनं सगळ्याला हो म्हटलं. घालीन. लावीन. येईन.

ड्रायव्हर चढला. इंजिन सुरू झालं तशी खिडकीची काच थरथरायला लागली, गुलाबनं त्यावर तळवा ठेवला आणि ती बाईला ते दाखवायला वळली. बाई खाली वाकली. दोघींची डोकी जवळ आली.

जमुनाबाईच्या चेहऱ्यावर जे आलं ते तिला आवरता आलं नसतं. पोरगी आता कुठल्याही क्षणी इकडे पाहील, आणि तिला चेहरे वाचता येत होते. जमुनाबाईनं गाडीकडे पाठ केली, हात डोक्याच्या वर उंच नेला आणि गाडी स्टँडबाहेर पडल्याचा आवाज येईपर्यंत तसाच हलवत राहिली.